बुडालेल्या जिनिंग कंपनीचा कागद

राहुरी, मंगळवार

तीर्थस्वरूप दाजी,

तुमच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे भिमाजीचा, नमस्कार. तुमचं गुडघ्याचं दुखणं आता मांडीपर्यंत आल्याचं आक्काकडून कळलं. जिने टाळावेत. इकडे सगळे ठीक, मी सोडून. रविवारपासून मला घास गिळवत नाही आणि आरती (ती बायको असूनही) काळजी करते आहे, आक्काला फोन करून सगळं सांगते आहे.

आमच्या आजोबांनी शंभर वर्षांपूर्वी गोदातीर जिनिंग या कापसाच्या कंपनीचे शेअर घेतले आणि तीन वर्षांत कंपनी बुडाली, हे आक्काने तुम्हाला सांगितलं असेलच. त्यातलं एक सर्टिफिकेट मला जमिनीच्या कागदांत सापडलं. वर बैलगाडी आणि धुराड्याचं चित्र, खाली डायरेक्टरची वळणदार सही. आमचे कानिफनाथ मास्तर म्हणाले, "भिमाजी, असले कागद लोक जमवत्यात. नगरला लिलाव हाय रविवारी." मला खरं वाटेना. कंपनी जिवंत असताना ज्याला कोणी विचारलं नाही, त्याला ती मेल्यावर कोण विचारणार? तरी निघालो. कागद घडीवर फाटत होता, म्हणून आदल्या दिवशी झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेशन करून घेतलं (चांगलं जाड, चाळीस रुपयांचं).

मंगल कार्यालयात शंभरेक माणसं हातात नंबराच्या पाट्या घेऊन बसलेली. कोणी बुडालेल्या रेल्वेचा कागद घेतोय, कोणी बुडालेल्या बँकेचा, आणि घेणाऱ्याचं लोक अभिनंदन करतात. मग आपल्या गोदातीरचाच एक कागद निघाला, संगमनेरच्या कोणा गृहस्थांचा. बोली पाच हजारांवर सुरू झाली आणि अठ्ठेचाळीस हजारांवर थांबली. मी उभा राहिलो होतो, तो मला परत बसायचं सुचेना.

तसाच उठून, कागद तपासणाऱ्या नाझनीनबाईंच्या टेबलाकडे धावलो. त्यांनी माझं सर्टिफिकेट हातात घेतलं, बोटाने वाजवून पाहिलं आणि हळूच खाली ठेवलं.

"हे कुणी केलं?"

"मीच केलं."

"काका, हे प्लॅस्टिक काढायला गेलं तर कागदही सोबत येईल. आता याला भाव नाही. घरात लावा भिंतीवर."

दाजी, मी पाणी मागितलं. ते त्यांनी दिलं, खुर्चीही दिली, पण भाव दिला नाही. एसटीत बसल्यावर मात्र मन शांत झालं. पैसा आज आहे, उद्या नाही. माणसं महत्त्वाची. हा विषय माझ्यापुरता संपला.

आक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
भिमाजी

ता. क. आक्काच्या लग्नात दिलेली हिरवी पत्र्याची ट्रंक आहे ना? तिच्या तळाला गंज लागू नये म्हणून मी गोदातीरचेच नऊ कागद चिकटवले होते. ट्रंक फार जुनी झाली, तेव्हा परत पाठवावी. बदल्यात नवं कपाट देईन. फोन केला असता, पण तुमचा फोन आक्काच उचलते. म्हणून पत्र फैयाजच्या टेम्पोतून पाठवतोय. ट्रंक त्याच्याजवळच द्यावी.

आणखी एक. फैयाज आत्ताच दारात आला. तो म्हणतो, "ती हिरवी ट्रंक व्हय? ती तर आक्कांनी काल नगरला नेली, माझ्याच गाडीतून. नाझनीनबाईंकडं." तेव्हा कपाटाचं राहू द्या. आक्काला एवढंच सांगा, की त्या कागदांची खळ मी स्वतः शिजवली होती (चांगली घट्ट).