न फोडलेली चार पाने

बेळगाव, ता. ८ फेब्रुवारी १९३७

तीर्थस्वरूप चिंतामणी आप्पांच्या सेवेशी,

बालक उपेंद्राचा साष्टांग दंडवत. खानापुरास यंदा थंडी फार आहे म्हणे, तेव्हा आपला गुडघा कसा आहे ते कळवावे. इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे वडील आनंदात आहेत, वसुधेने अबोला धरला आहे आणि माझे अंथरूण गेल्या मंगळवारपासून बाहेरच्या खोलीत पडते.

मागल्या पत्रात आपण विचारले होते, की आठ वर्षे वकिली केलेल्या माणसाला एलएल. एम. कशाला हवी. प्रश्न रास्त आहे. पण इथल्या कोर्टात पक्षकारांपेक्षा वकील जास्त झाले आहेत. बाररूममध्ये खुर्ची मिळावी म्हणून मी सकाळीच जाऊन तिच्यावर उपरणे टाकून येतो (परवा उपरण्यासकट खुर्ची गेली). नावापुढे बीच्या जागी एम आला तर खुर्ची तरी राहील, एवढीच महत्त्वाकांक्षा. शिकवायला कोणी नाही. पुस्तके मुंबईहून मागवायची, घरी वाचायची आणि तिकडे जाऊन पेपर लिहून यायचे. गावात मात्र असे पसरले की माझ्या पहिल्या परीक्षेत काहीतरी घोटाळा निघाल्यामुळे सरकारने मला पुन्हा बसवले आहे. कोगनोळीच्या गुंडूचे बांधाचे अपील मी चार वर्षे मोठ्या काळजीने जिवंत ठेवले होते. तोही कागद मागायला आला. “वकीलसाब, तुमचं शिक्षान पुरं हुंदे, मग बगू,” म्हणाला. असा माझ्या उच्च शिक्षणाचा पहिला लाभ.

दुसरा लाभ निपाणीस झाला. मार्गशीर्षात काकांचे वर्षश्राद्ध झाले, त्याला आपण गुडघ्यामुळे आला नव्हता. पंगतीत कोणीतरी विचारले, की परीक्षेत काय काय होते. मुंबईहून पेपर देऊन नुकताच आलो होतो आणि डोक्यातले सगळे कुठे तरी सांडायचेच होते. मी दत्तकाचा कायदा सांगू लागलो. आपल्या मुंबई इलाख्यात विधवेला दत्तक घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. मुलगा कितीही मोठा चालतो. लग्न झालेला चालतो, मुलेबाळे असलेला चालतो, फार काय, दत्तक घेणाऱ्या आईपेक्षा वयाने मोठा असला तरी चालतो! नागुबाई काकू (आपली धाकटी बहीण, तिची अक्कल मी आपणांस काय सांगावी) वरण वाढत होती. ती माझ्या पानापुढे थांबली आणि मला आपादमस्तक न्याहाळू लागली. वरण मला दोनदा वाढले तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते.

आठच दिवसांत तिचे वडिलांना पत्र आले, की उपेंद्राला मला द्या. वडिलांनी उलट टपाली होकार कळवला. तीन मुलांतला एक मागितला, आणि वडील भाजी घेताना करतात इतकासुद्धा विचार त्यांना करावा लागला नाही, याचे मला थोडे वाईट वाटले. पण खोटे कशाला बोलू, आप्पा, मी स्वतःही लेखी संमती दिली. काकांचे घर, तंबाखूची वखार, आणि चौतिसाव्या वर्षी कोणी आपल्याला हौसेने मागून नेते आहे याचा आनंद. काकूने वसुधेसाठी दोन लुगडी घेतली, माझी गादी नव्याने पिंजून घेतली. भटजींनी पुढल्या गुरुवारचा मुहूर्त काढला.

गेल्या सोमवारी तयारी पाहायला निपाणीस गेलो. आमचा भालू पाच वर्षांचा आहे, त्याला तिथल्या शाळेत कधी घालावे असे मी सहज बोललो. काकू तांदूळ निवडत म्हणाली, “त्याला कशाला आणतोस? तू नि वसुधा या. भालू तिकडचाच की रे आता! शेजारच्या यशोदाबाईंच्या घरात ह्यावरनंच अकरा वर्षं दावा चालला नव्हता का?” मी विद्वानासारखा हसलो. घरी येऊन पुस्तक उघडले. त्या प्रकरणाची चार पाने विलायती छपाईप्रमाणे अजून कडेला जोडलेलीच होती. मी ती फोडलीच नव्हती. भाजीच्या विळीने फोडली. बाई खरे बोलली होती. दत्तक गेलेल्याची बायको त्याच्याबरोबर जाते, पण आधी झालेला मुलगा जन्माच्या घराण्यातच राहतो.

वडिलांकडे धावलो. ते जन्मभर कोर्टात नाझर होते. शांतपणे म्हणाले, की हे ठाऊक होते म्हणूनच तर होकार दिला. मुलगा गेला तरी नातू राहतो. अशा रीतीने भटजींसकट सगळ्यांना जे ठाऊक होते, ते फक्त एलएल. एम.च्या उमेदवाराला नव्हते. वसुधेला मी कलम समजावून सांगायला गेलो (हीही चूकच). “तुमच्या त्या कलमाला सांगा, मी यायची नाही,” म्हणाली आणि भालूला उचलून आत गेली. तेव्हापासून बोलत नाही. आणि आप्पा, पोराने दारातून विचारले, “बाबा, तुम्ही गावाला चाललात?”

असो. घरातील वडीलधाऱ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. गुडघ्यास निर्गुडीचा शेक चालू ठेवावा.

आपला आज्ञाधारक,
उपेंद्र

ता. क. गुडघा बरा असो वा नसो, बुधवारच्या आत निपाणीस जावे. काकू जगात फक्त आपले ऐकते. मी लिहून दिले आहे, शिवाय पंगतीत एवढे पांडित्य केले आहे, आता कोणत्या तोंडाने मागे फिरू? माझ्याविषयी वाटेल ते सांगा. आळशी आहे, तपकीर ओढतो, वखार बुडवील. फक्त मी सांगायला लावले असे सांगू नका. आणि तिला एकटे वाटू देऊ नका, तिने गादी खरोखर मायेने पिंजून घेतली आहे.

ता. क. दुसरा : निकाल कालच कळला. नापास. पेपरात हाच प्रश्न होता, की दत्तक जाणाऱ्याच्या आधीच्या मुलाचे काय होते. न वाचता, स्वतःच्या बुद्धीने मी लिहून आलो होतो, की मुलगा बापाबरोबर जातो, यात विचारायचे काय आहे? येत्या नोव्हेंबरात पुन्हा बसणार आहे. तोच प्रश्न आला तर उत्तर तेच लिहीन.