आमच्या गल्लीवर एकही ठिपका नाही

४ जून
मी सांगते, सून लिहिते. म्हणून सुनेविषयी आज काही नाही.
आरोग्य खात्याची नर्सबाई टॅब घेऊन आली. ज्या घरी डेंग्यू, त्या घरावर नकाशात लाल ठिपका. शिंपीणबाईच्या दारात लावलासुद्धा! गल्लीची अब्रू गेली. डोकं फिरलं माझं. यापुढे ताप कुणालाही येवो, पत्ता मागच्या गल्लीतला द्यायचा. तिथे माझी नणंद राहते. घर मोठं आहे, ठिपके मावतील.

९ जून
आमच्या ह्यांना ताप. दवाखान्यात पत्ता वन्संचा दिला. हे म्हणाले, "मेलो तर तिकडूनच उचलतील का मला?" तापात बडबडतात.

१५ जून
दूधवाला, मास्तर, सगळे आजारी, पण सगळ्यांनी माझं ऐकलं. शिंपीणबाईंनी तर आपला ठिपकाही हलवून घेतला. मुलाच्या फोनवर नकाशा पाहिला. अक्षर कळत नाही, लाल कळतं. वन्संच्या दारात गोवर उठलाय. आम्ही कोरे!

२० जून, सकाळी
धुराची गाडी मागच्या गल्लीत गेली, आमच्याकडे वळली नाही. मी गाडीपुढे आडवी झाले. ड्रायव्हर म्हणतो, "आजी, तुमच्याकडे कोणी आजारीच नाही." उद्धट मेला.

२ जुलै
आमच्या उघड्या गटारासाठी वर्षानुवर्षं घसा फोडतेय. यंदा एकच गटार झाकणार म्हणे. कुणाचं? वन्संच्या गल्लीतलं! आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर हात आपटला. त्याने नकाशा दाखवला. "तुमची गल्ली सगळ्यांत निरोगी. अभिनंदन!" म्हटलं, तुमच्या यंत्राला नाक नाही.
सून म्हणाली, "आई, पत्ते आपणच..." हे लिहू नकोस म्हटलं, तर लिहिलंच.

११ जुलै
मला ताप. हाडं कुटल्यासारखी. मुलाने उचलून वन्संकडे आणून टाकलं, इथे डास नाहीत म्हणून. गटारावर नव्या फरशा. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तुमच्याच कृपेने हो!" आणि हसल्या. उठवत असतं, तर दाखवलं असतं.

१३ जुलै
नर्सबाई आली. खडसावलं, माझा ठिपका माझ्याच दारात लाव, आणि मोठा लाव. लावला. आता गटार कधी झाकणार? "एका ठिपक्यावर नाही होत, आजी. आणखी कोण आजारी आहे?"
सुनेला आमच्या गल्लीत पिटाळलं. परत आली. शिंपीणबाई मशीनवर बसल्यात, दूधवाला फेरीवर, मास्तर शाळेत. ह्यांनी तर दोनदा जेवण मागितलं.
ऐन वेळी एकाचाही उपयोग नाही.