जाळायच्या यादीतली आप्पांची फाईल

९ जाने. १९८४, सोम.

खासबागेपासून कोर्टापर्यंत धुक्यातनं चालत. पुढचा माणूस दिसत नव्हता, त्याचा खोकला तेवढा ऐकू येत होता. रेकॉर्ड रूममध्येही धुकं शिरलंय असं वाटलं, बघते तर धूळ. आमच्या हेडक्लार्क रुद्रप्पाण्णांनी ७१ सालचं कपाट काढलेलं. दोन ढीग करायचे, राखायचे आणि जाळायचे. यादी माझ्या अक्षरात, शेरा त्यांचा, सही वरच्या साहेबांची. मग मागच्या परसात काडी.

दुपारी एक फाईल उचलली. पुठ्ठ्यावर: खातेनिहाय चौकशी, पट्टेवाला दादू सखाराम, कोर्टातील गोळीबार.

म्हणजे आप्पा. माझे आप्पा.

जाळायच्या यादीत नंबर लिहिला. अक्षर बरं आलं. मग स्टुलावर बसून राहिले ते चहा येईपर्यंत. रु.अण्णा म्हणाले, "काय सुशीलाबाई, निद्दी आली काय?" व्हय, झोपच, म्हटलं.

१० जाने., मंगळ.

उघडली नाही. नुसती खणात ठेवली आणि दिवसभर खणाकडं पाय करून बसले नाही.

तेव्हा मी तेरा वर्षांची. इनामदारांच्या चुलतभावांचा वाटणीचा दावा. आधी आवारात मारामारी झालेली, म्हणून हुकूम होता की या दाव्यातल्या माणसांचं गाठोडं, पिशवी दारात बघूनच आत सोडायची. याच कोर्टात, दारावर आप्पा. तरी थोरल्या इनामदारानं पिस्तूल आत नेलं आणि भावाला साक्षीच्या पिंजऱ्यातच गोळ्या घातल्या. धाकटा जागीच गेला, थोरला पुढं जेलात मेला. आप्पांची नोकरी गेली.

तेव्हापासून गावी, निपाणीत, एकच. दादूनं हात ओले करून घेतले. नळावर तेच, शाळेत तेच, आई वखारीत तंबाखू चाळायला जायची तिथंही तेच. आप्पांनी कधी हो म्हटलं नाही, न्हाय म्हटलं नाही. एवढा बोलका माणूस, विहारात उभा राहिला की तासभर खाली बसायचा नाही, आणि यावर तोंड शिवलेलं. राग येतो मला त्यांचा. अजूनही येतो.

१२ जाने., गुरु.

जेवणाच्या सुट्टीत उघडली. वर पंचनामा. कोर्ट हॉलचा नकाशा, शाईनं काढलेला, कुणाचा तरी हात छान होता. टेबल, पिंजरा, पंखासुद्धा काढलाय. माणसं म्हणजे ठिपके. दाराशी एक फुली आणि शेजारी बारीक अक्षरात "पट्टेवाला".

उन्हाची पट्टी नेमकी त्या कागदावर. बघता बघता डोळा लागला असावा. नकाशातला पंखा फिरायला लागला, ठिपके उठून चालायला लागले, आणि मी फुलीला म्हणते, आप्पा, बाजूला व्हा, बाजूला व्हा. आवाजच फुटेना. जागी झाले तर कागदावर माझ्या घामाचा डाग. रु.अण्णांनी बघून न बघितल्यासारखं केलं. सभ्य माणूस.

१३ जाने., शुक्र.

आप्पांचा जबाब. सगळा मिळून चार ओळी.

"गाठोडे मी पाहिले नाही. नजरचूक झाली. कोणाचे सांगणे नव्हते. होईल ती शिक्षा मान्य."

खाली सही. दादू सखाराम, प्रत्येक अक्षर सुटं.

एवढंच? अहो आप्पा, एवढंच? घर बसलं आपलं, आईच्या छातीत तंबाखूची धूळ गेली, आणि चार ओळी? नजरचूक म्हणे. भाजीत मीठ जास्त पडलं तर नजरचूक!

फाईल आपटली. धुळीनं शिंका आल्या, पुढं रडू आलं ते त्यातच खपून गेलं.

१६ जाने., सोम.

आधी हे लिहिते.

फाईलच्या पाठीमागं टाचणीनं आणखी एक जबाब. मेलेल्या धाकट्या इनामदाराच्या बायकोचा. मराठीत, कारकुनाच्या हातचा. त्या दारामागं बाकावर बसल्या होत्या. उतरवून घेते.

"थोरल्या भावजींच्या हातात तांबड्या रेशमी कदाचे गाठोडे होते. घरचे देवाचे टाक त्याच कदात बांधून न्यायची आमच्यात रीत आहे. दारातल्या पट्टेवाल्याने हात पुढे केला व गाठोडे सोडा म्हणाला. भावजी म्हणाले, देव आहेत, शिवू नकोस. पट्टेवाला मागे सरला. मी पाहत होते. मी काही बोलले नाही. मलाही तेव्हा ते बरोबरच वाटले."

समासात चौकशी अधिकाऱ्याचा शेरा: अप्रस्तुत.

लाच नव्हती. लाच नव्हती, लाच नव्हती, लाच नव्हती.

संध्याकाळी घरी कशी आले आठवत नाही. रस्ता पायाखालून आपला आपण गेला. वाटेत पावशेर पेढे घेतले आणि दारातल्या घरमालकीणबाईंना म्हटलं, घ्या, आनंद झालाय. कसला ते सांगितलं नाही.

१७ जाने., मंगळ.

रु.अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून जबाब वाचला, बोट ओळीखाली धरून, कन्नड माणूस मराठी वाचतो तसा. मग म्हणाले, "नक्कल काढून घ्या. बडतर्फीचा हुकूम दुरुस्त करा म्हणून अर्ज द्या, वडिलांच्या सहीनं. मी शेरा मारतो, राखून ठेवणे. पण तीन तारखेच्या आत. यादी गेली की मी काय करू शकत नाही बगा."

अर्जाला आप्पांची सही पाहिजे. रविवारी निपाणी.

२२ जाने., रवि.

निपाणी. तंबाखूचा हंगाम, स्टँडवर उतरल्या उतरल्या घसा धरला. आई वळत होती ती विडी तशीच सुपात टाकून उठली. आप्पा खाटेवर, उन्हाला पाठ देऊन.

वाचून दाखवला जबाब. आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं आप्पा आता हसतील, रडतील, काहीतरी करतील.

म्हणाले, "त्ये गाठोड्याचं आनि कुनी वाचलंय?"

रुद्रप्पाण्णांनी.

"बास. आता जळू दे त्ये."

मी म्हटलं, आप्पा, अहो, लोक तेरा वर्षं लाचखाऊ म्हणतात तुम्हाला!

"म्हनू देत." मग आवाज चढला. "छप्पन साली, धम्म घेतला तवा, या गल्लीतले द्येव कुनी काढले ठावं हाय न्हवं तुला? मी. घरोघर फिरलो. म्हाताऱ्या रडत हुत्या, त्यांच्या हातातनं घेतले आनि येदगंगेच्या पाण्यात सोडले. दगड हायत म्हनलो. भ्या कशाला म्हनलो. आनि पंधरा वर्सांनी एक इनामदार म्हनतो द्येव हाय शिवू नगं, आनि मी मागं सरतो? मी? त्येच्यापाई मानूस मेलं, पोरी. लाच खाल्ली म्हनलं तर चोर झालो. ह्ये सांगिटलं तर कोन झालो मी? लाचखाऊ बापाची पोरगी ऱ्हा, काय बिघडत न्हाय."

सही नाही. जेवणही नाही. आई मला स्टँडपर्यंत सोडायला आली, म्हणाली, "मला ठावं हुतं गं. झोपंत बोलायचे. द्येव न्हवं, द्येव न्हवं असं." तेरा वर्षं तिनंही पोटात ठेवलं. या घरात सगळे कुलूप लावूनच जगले.

गाडीत डुलकी. नदी दिसली, तळाशी टाक चमकत होते आणि त्यांच्यामधनं आप्पा चालले होते, कोरडेच.

२६ जाने., गुरु.

कोर्टात झेंडावंदन. नंतर सगळे चहाला गेले, मी एकटी त्या हॉलच्या दारात जाऊन उभी राहिले. नकाशात फुली होती तिथं. फरशी गार, नुकती पुसलेली.

आप्पांशी मनातल्या मनात लई भांडले. मागं कशाला सरलात? कुणी हात धरला होता? मीटरभर उंच कट्ट्यावर साहेब बसलेला, तुमच्या बाजूला हुकूम, छातीवर बिल्ला!

दुपारी घरी आले. घरमालकीणबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "सुशीला, तेवढा तवा उतर गं, माझे हात पिठात आहेत." मी उंबऱ्याशी थांबले. दोन वर्षं राहतेय, त्या उंबऱ्याच्या आत कधी गेले नाही. कुणी नको म्हटलेलं नाही. बाई तशा नाहीतच. माझी मीच थांबते. आजही "आले" म्हटलं आणि पाय उचलेना. त्यांनीच शेवटी पिठाच्या हातानं उतरवला.

खोलीत येऊन बसले. बी.ए. झालेली मी, कोर्टातली कारकून, भाषण ठोकायला पुढं. आप्पांना काय तोंडानं विचारू?

पोळी करपल्याचा वास संध्याकाळपर्यंत होता.

३० जाने., सोम.

साडेबाराला रेकॉर्ड रूमच्या दारात आप्पा! धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, हातात काठी. तेरा वर्षांनी या इमारतीत. सकाळच्या गाडीनं आलते. कुणाला न सांगता, आईलाही नाही.

"दाव त्यो कागद."

रु.अण्णा उठले, स्वतःची खुर्ची दिली आणि म्हणाले मी जरा जाऊन येतो. तासभर आले नाहीत.

आप्पांनी माझ्याकडून वाचून घेतला नाही. स्वतः वाचला. एकेक अक्षर लावत, ओठ हलवत. खिडकीतनं पारव्यांचं घुमणं, वर फायलींच्या भिंती, आणि मधे आप्पा, एवढेसे झालेले. सगळं पाण्याखाली चाललंय असं वाटत होतं. किती वेळ गेला कोण जाणे.

एका ओळीवर थांबले. मागं गेले. परत वाचली.

"हात पुढं केलता असं लिवलंय," म्हणाले.

व्हय.

"गाठोडं सोडा म्हनलो असंबी लिवलंय."

व्हय आप्पा.

"ह्ये मला आठवत न्हवतं." डोळे कागदावरच. "मागं सरल्यालं तेवढं आठवायचं. रोज. हात पुढं केल्यालं पार गेलतं डोक्यातनं."

मग बाईंच्या शेवटच्या ओळीवर आले: मलाही तेव्हा ते बरोबरच वाटले. बोट तिथंच. म्हणाले, "न्हवरा मेल्याला, आनि ह्ये बोलली बाई. कुनी इचारलं नसताना." फाईल दोन्ही हातांनी मिटली. मी अर्ज पुढं केला नाही, धीरच झाला नाही. त्यांना स्टँडवर पोचवलं. गाडी सुटताना खिडकीतनं म्हणाले, "जेवत जा येळेवर." बाकी काही नाही.

३ फेब्रु., शुक्र.

यादीचा शेवटचा दिवस. निपाणीहून निरोप नाही. सकाळपासून प्रत्येक पावलाला दाराकडं बघतेय. रु.अण्णा पेन उघडून बसलेले. "काय लिहू, बाई?"

त्यांनी राखून ठेवणे लिहिलं तर कागद उरतो, उद्या कुणीही काढून वाचील. जाळणे लिहिलं तर लाचखाऊ हे नावच उरतं. आप्पांचं आयुष्य, आणि शेरा दुसऱ्यानं मारायचा.

चार वाजता निपाणीच्या आमच्या गल्लीतला कंडक्टर चिठ्ठी घेऊन आला. आप्पांचं अक्षर, सुटं सुटं. "रविवारी विहारात ये. मी बोलनार हाय. आदी कागद बाहेर काडू नको."

रु.अण्णांना दाखवली. त्यांनी पेनाला टोपण घातलं, माझी पेन्सिल उचलली आणि शेऱ्याच्या जागी एक बारीक, पुसता येईल अशी रेघ मारली. "साहेब सोमवारीच सही करतील, आज त्यांना पडसं आहे," म्हणाले. साहेब ठणठणीत होते, मी सकाळी बघितलं होतं. पाया पडावंसं वाटलं त्यांच्या.

५ फेब्रु., रवि.

निपाणी, विहार. शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून, वही मांडीवर. ऐकता ऐकताच लिहितेय. वंदना झाली. माणसं नेहमीपेक्षा जास्त, आप्पा बोलणार हे कसं कोण जाणे पसरलंय. आई शेजारी, तिचा श्वास वाजतोय. सगळ्यात पुढच्या ओळीत म्हाताऱ्या बायका, ज्यांच्या हातातून आप्पांनी देव घेतले होते त्यातल्या उरलेल्या तीन.

आप्पा उठले. काठी खाली ठेवली.

"मी लाच खाल्ली न्हवती," म्हणाले.

कुजबूज. पलीकडं कुणीतरी हसलं. हसणारा कोण ते मी बघितलं नाही, बघितलं असतं तर उठले असते. पहिल्या ओळीतली म्हातारी हात कानामागं धरून म्हणाली, "मग काय झालतं, दादू?"

आप्पांनी त्या तिघींकडं बघितलं. माझ्याकडं नाही. म्हणाले, "तुमास्नी सांगायचं हाय. तुमास्नीच आदी."

आणि थांबले. ओठ हलतायत, कागद वाचताना हलत होते तसे. आईनं माझं मनगट धरलंय, अक्षर वाकडं येतंय.

आप्पा अजून उभे आहेत. अजून कुणी उठून गेलेलं नाही.