माशांची गावपळण

माडवाडी, आचऱ्याच्या अलीकडे
१२ जानेवारी

ती. हिराताईस,
सहदेवाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र लिहायचं कारण तुला माहीत आहे. तीस वर्षं बोटीच्या इंजिनाशेजारी बसून कान गेले. तुझा फोन आला की मला तुझा आवाज ऐकूच येत नाही, नुसती घरघर येते, आणि मी आपला हो हो करत राहतो. मागच्या खेपेला असंच हो म्हटलं, म्हणून तर निकेतने ती काचेची टाकी आणून आमच्या पडवीत ठेवली.

तुझ्या मुलाने कणकवलीला शोभेच्या माशांचं दुकान काढलं, पहिली टाकी मामाच्या होमस्टेत बसवली, याचं मला कौतुकच वाटलं. बारा मासे सोडून गेला. टेट्रा म्हणे. काडेपेटीच्या काडीएवढे, अंगावर निळी-लाल रेघ. जाळ्यात आले असते तर मी झटकून टाकले असते. पण पाहुणे खुर्ची ओढून बघत बसायचे, म्हणून मीही बघायला लागलो.

तर ताई, त्या बारांतले सात मेले. रोज सकाळी उठलो की एक तरी वर तरंगत असतो. निकेतने सांगितलं तेवढंच खाणं घालतो, टाकीतलं पाणी आटेल तसं वरून विहिरीचं भरतो, पंपाचे बुडबुडे चालू ठेवतो. उभा जन्म मासे मारण्यात गेला, पण एवढा जीव कधी जळला नव्हता. परवा एका पाहुणीची मुलगी मेलेला मासा बघून रडायला लागली आणि ते लोक एक दिवस आधीच निघून गेले.

माझं मत विचारशील तर मासे मुळातच आजारी होते. काल मासळीच्या लिलावाला सगळे जमले होते, तिथे मी तसं बोलूनही टाकलं. ऐकू येत नसल्यामुळे माझा आवाज जरा मोठा निघतो. किनाऱ्यावर सगळ्यांनाच कळलं असावं.

टेम्पोवाल्या लवूकडे हे पत्र आणि चार बांगडे दिले आहेत. बांगडे ताजे आहेत, पत्र थोडं तिखट आहे. दोन्ही गोड मानून घे.

तुझा भाऊ,
सहदेव


नांदगाव
१५ जानेवारी

चि. सहदेवास,
अनेक आशीर्वाद. (आज मनातून निघत नाहीत, पण पत्राची रीत मोडायची नाही म्हणून लिहिते.)

बांगडे मिळाले. ते परत पाठवायचा विचार होता, पण तुझ्या भावोजींनी आधीच साफ करायला घेतले.

तू किनाऱ्यावर काय करून ठेवलंस ते तुला कळलंय का? नाक्यावरच्या हॉटेलवाल्या गुरुप्रसादने निकेतला सांगून ठेवलं होतं की सहा फुटी टाकी घेतो. तुझा लिलाव झाला त्या दिवशी दुपारीच त्याचा फोन आला की आता नको. म्हणाला, सख्खो मामाच सांगता मासे आजारी, मग आमी कशाक घेव? दुसऱ्या दिवशी आचऱ्याहून आणखी दोघांनी नाही म्हणून कळवलं. पोराने गोव्याची नोकरी सोडून हे दुकान घातलंय. वडिलांचा विरोध होता, मी मध्ये पडले. शिमग्यापर्यंत दुकानाचं नाव झालं नाही तर परत गोव्याला जायचं, असा बापलेकांचा करार आहे. नाव तर झालं. तू केलंस.

त्याच खेपेचे टेट्रा त्याने कणकवलीत चार घरांत दिले आहेत. ते सगळे ठणठणीत आहेत. मेले ते फक्त तुझेच. निकेतचं म्हणणं एवढंच आहे की विहिरीचं पाणी बाटलीत भरून लवूकडे पाठवावं, तो तपासून सांगेल. राग मला आलाय, त्याला नाही. तो बापडा अजून मामांचे मासे कसे जगतील याच काळजीत आहे. तेवढ्यामुळे माझा राग दुप्पट होतो.

बाटली पाठव. तुझ्या बायकोला, संचिताला, माझा आशीर्वाद सांग, तिला मात्र मनापासून.

रागावलेली असले तरी तुझीच,
हिराताई


माडवाडी
२४ जानेवारी

ती. ताईस,
नमस्कार वि. वि.

बाटली पाठवणार नाही. रागावू नको, पण माझ्या विहिरीच्या पाण्याची परीक्षा कोणी घ्यायची, ज्याने विहीर खणताना बाबांना पाहिलंही नाही त्याने? खाडी हाकेच्या अंतरावर, आणि तरी पाणी शहाळ्यासारखं. रस्त्यावरच्या पाटीवर मी होमस्टेच्या नावाखाली लिहूनच घेतलंय, गोड्या पाण्याची विहीर. दिवाळीला नवा मोठा पंप बसवला, दोन्ही खोल्यांच्या न्हाणीघरांत चोवीस तास पाणी आहे. समोर हिरवळ केली आहे, तिला दोन वेळ पाणी लागतं. विहीर एकदाही आटली नाही. आता बोल.

मासे तीन उरले आहेत. तेही तळाशी बसून असतात, लिलावात न खपलेल्या मालासारखे. अंगावरची रेघ फिकी पडली आहे.

घरात वेगळीच कटकट आहे. संचिताची डाळ शिजत नाही, म्हणून ती वाण्याशी भांडून आली. वाण्याने डाळ बदलून दिली, तीही शिजेना, मग ती माझ्याशी भांडली. पुण्याच्या एका पाहुणीने तक्रार केली की साबणाला फेस येत नाही, केस चिकट होतात. मी तिला म्हटलं, समुद्रावर आलात बाई, खारा वारा लागणारच. पाहुण्यांना सगळं आपल्या घरच्यासारखं पाहिजे आणि पिण्यासाठी मात्र बाटली विकतची.

आता मुख्य बातमी. देवाने कौल दिला. यंदा गावपळण आहे, ४ फेब्रुवारीपासून तीन दिवस. तुला लग्नाआधीच्या आठवतील. गाव रिकामं करायचं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं सगळी शिवेपलीकडे न्यायची, राहुट्या बांधून राहायचं. मागे एकही जीव राहता कामा नये. तर संचिताने कमरेवर हात ठेवून मला विचारलं, की कोंबड्यांक घेवन जातंस आणि माशांक काय म्हणान घरात ठेवतंस, ते जीव न्हय? मी म्हटलं, आहेत, पण फार वेळ राहणार नाहीत. तिला ते आवडलं नाही. आता मी, तीस वर्षांचा दर्यावर्दी, तीन काड्या पातेल्यात घालून गावाबाहेर घेऊन जाणार आहे. वाडीत हसायला माणसं कमी नाहीत.

भावोजींना नमस्कार. निकेतला सांग, मामा रागावलेला नाही, फक्त खरं बोलला.

तुझा,
सहदेव


नांदगाव
२८ जानेवारी

चि. सहदेवास,
आशीर्वाद.

तू खरं बोललास हे निकेतला सांगितलं. तो तडक दुकानात गेला. गेल्या आठवड्यात त्याच्याकडे एकच गिऱ्हाईक आलं, तेही पत्ता विचारायला. गोव्याच्या कंपनीला त्याने ईमेल केलाय की जागा अजून आहे का. मला सांगितलं नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरून मी ओळखलं.

संचिता बरोबर बोलली. देवाने सगळे जीव म्हटले की सगळे. पातेल्यावर फडकं बांध, नाहीतर वाटेत मांजर उपास सोडेल. गावाबाहेर तरी तोंड बंद ठेव, तिथे आणखी दोन वाड्यांतले लोक भेटतील.

काळजी घे. माझी माया तशीच आहे, पण सध्या ती जपून वापरते आहे.

हिराताई


मुक्काम राहुटी, शिवेपलीकडे
६ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार वि. वि.

गुडघ्यावर वही ठेवून लिहितोय, अक्षराला हसू नकोस. लवू रस्त्यावरून जातो तेव्हा हात करून थांबवतो.

काय मजा आहे सांगू! सगळी वाडी एका ओळीत. आपला शेजारी बाळा इथेही शेजारीच, त्याची म्हैस माझ्या डोक्याशी. कोणाला काही काम नाही, भांडायला वेळ असूनही लोक गाणी म्हणतात. पाणी रुक्मिणीकाकीच्या विहिरीचं, ती इथे शिवेपलीकडेच राहते. संचिता तर खूश आहे. तीन दगडांची चूल, तरी डाळ एका कढात शिजते. लाकडाची आच ती लाकडाची आच.

आणि मासे! येताना दोघे तरी वाटेत जाणार असं मला वाटलं होतं. पातेल्यात त्यांच्या जुन्या पाण्यात राहुटीचं पाणी थोडं थोडं घालत गेलो, कारण जुनं अर्धं वाटेतच सांडलं होतं. काल सकाळी बघतो तर तिघेही वर येऊन फिरतायत. आज रेघ अशी झळकते आहे की बाळाने त्यात दिवा लावलाय का म्हणून विचारलं. वाडीतली सगळी माणसं येऊन पाहून गेली. जे हसले होते तेच आता आपल्या पोरांना हात धरून आणतात.

ताई, यावरून एक गोष्ट सिद्ध झाली. मासे आजारी नव्हते, हे मी मोठ्या मनाने मान्य करतो. दोष टाकीत आहे. निकेतने काच चिकटवायला जे लावलंय ते विषारी असणार. पातेल्यात जगतात आणि टाकीत मरतात, याचा दुसरा अर्थ काय? परत गेलो की लिलावाला चुकीची दुरुस्ती करून टाकतो. म्हणजे मासे बरे, टाकी वाईट, असं स्पष्ट सांगतो. तुझं समाधान होईल.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
सहदेव


नांदगाव
७ फेब्रुवारी

सहदेवा,

आशीर्वाद नंतर. हे पत्र लवूला अर्ध्या वाटेतून परत बोलावून दिलंय. वाचेपर्यंत लिलावाला जाऊ नकोस. गेलास तर तोंड उघडू नकोस.

अरे, तू गाव बदललास, भांडं बदललंस, चूल बदललीस, सगळं नीट लिहिलंस. पाणी बदललं ते तुझ्या डोळ्यांना दिसलं नाही? मासे उठले, डाळ शिजली. दोघांमध्ये एकच गोष्ट सारखी आहे, आणि ती रुक्मिणीकाकीच्या विहिरीतून येते.

तुझं पत्र मी निकेतला वाचून दाखवलं. तो म्हणाला की खाडीकाठच्या विहिरीतून मोठ्या पंपाने फार उपसा केला की आतलं गोडं पाणी संपतं आणि त्या जागी खाडी आत येते. तू टाकीत आटलेल्या पाण्यावर पुन्हा तेच पाणी ओतत गेलास, म्हणजे टाकीतलं मीठ दिवसेंदिवस वाढत गेलं. तुम्हाला चव कळली नाही, कारण रोज थोडं थोडं खारट होत गेलं तर जीभही सवय करून घेते. हे सांगून तो मला काय म्हणाला माहीत आहे? आई, मामांना लिहू नकोस, त्या विहिरीवर त्यांचा फार जीव आहे. म्हणून मीच लिहिते, मला तुझी एवढी दया येत नाही.

तीन दिवस गोडं पाणी प्यायला आहेस. घरी गेलास की चहा घेऊ नकोस, चूळ भरू नकोस. तुझ्या विहिरीचा एक तांब्या काढ आणि पी. मग काय बोलायचं ते बोल. पण जे असेल ते तेवढ्याच मोठ्याने बोल.

हिरा


माडवाडी
१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सहदेवाचा नमस्कार. वि. वि. काय लिहायचं ते कळत नाही, म्हणून झालं तसंच लिहितो.

देवाने परत जायचा कौल दिला आणि आम्ही संध्याकाळी घरी आलो. तुझं पत्र हातात पडायच्या आधीच संचिताने चहा केला. पहिला घोट घेतला आणि तुळशीत थुंकली, मग तुळशीची माफी मागितली. मी म्हटलं, टोप नीट धुतला नसशील. रात्री तुझं पत्र आलं. सकाळी कोणी बघत नाही असं पाहून तांब्या काढला. समुद्राचं पाणी माझ्या नाकातोंडात कितीदा गेलंय. हे तसं नव्हतं, पण त्याच्या नात्यातलं होतं.

चार दिवस विचार करत लिलावाकडे फिरकलो नाही. तू म्हणशील, त्यात विचार कसला? पण ताई, निकेतचं नाव धुवायचं तर विहिरीचं नाव घालवायला हवं. शिमग्याच्या दोन्ही खोल्या भरलेल्या आहेत. पाटी रस्त्यावर आहे. बाबांची विहीर मी चार महिन्यांत खारी केली, आणि कशासाठी, तर वाळूवर गवत उगवायला. हे मनातसुद्धा म्हणवत नव्हतं.

शेवटी संचितानेच ऐकवलं. म्हणाली, पोराची बदनामी करूक तोंड होता, आता कबूल करूक कान गेले?

काल लिलावाला उभा राहिलो. पापलेटची बोली चालू होती, ती थांबवली. म्हटलं, निकेतचे मासे चांगले, टाकी चांगली. माझी विहीर खारट झाली आहे, ती मी पंप लावून खारट केली आहे, आणि मी भाच्यावर खोटा आळ घेतला. इतकं मोठ्याने बोललो की संचिता म्हणते देवळापर्यंत गेलं.

मग बाळा पुढे आला. मला वाटलं पाठीवर हात ठेवणार. तर तो माझ्यावरच ओरडायला लागला. त्याच्या घरचीही डाळ दोन महिने शिजत नाही. तुझो पंप आमच्या विहिरीत खाडी घेवन इलो, म्हणाला. त्याचं खरं आहे. मग दुसरा, मग तिसरा. अर्धा तास माझाच लिलाव चालला होता, फक्त बोली कोणी लावत नव्हतं. पापलेट तसेच पडून होते. पंप मी त्याच दुपारी सोडवून ठेवला. हिरवळ पिवळी पडायला लागली आहे. पाटीवरची ती ओळ बोटीच्या डांबराने पुसली. शिमग्याच्या पाहुण्यांना फोनवर सांगायचं काम संचिताने केलं. एका खोलीचे येणार नाहीत, दुसऱ्या खोलीचे म्हणाले की खरं सांगितलंत म्हणून येतो. पावसाळ्यात विहीर पुन्हा भरेल असं जाणते सांगतात. गोडी परत येईल की नाही हे कोणी सांगत नाही.

गुरुप्रसाद लिलाव अर्ध्यावर सोडून निघून गेला होता. संध्याकाळी स्वतः पडवीत येऊन बसला. त्याने हॉटेलातलं पाणी चाखून बघितलं होतं, आणि ते गोडं की खारट हे त्याला कळेना. तो म्हणाला की टाकी घेईन, पण आधी निकेतने येऊन माझं पाणी तपासावं. बाळालाही तपासून हवं आहे, त्याच्या पलीकडच्या तिघांनाही. रविवारी त्याला पाठव. गोव्याच्या नोकरीचं पत्र आलं असलं तरी रविवार होऊन जाऊ दे, मग त्याने ठरवावं. मी काही सांगणार नाही. माझ्या सांगण्याने काय होतं ते आपण पाहिलं.

तिन्ही मासे राहुटीवरूनच रुक्मिणीकाकीकडे ठेवले होते. ती त्यांना शेजारच्या कोणालाही हात लावू देत नाही.

आता एक मागणं आहे. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी गूळ-पाणी देतात, आणि माझ्या दारात भाचा येणार. त्याला घरून बाटली आणायला सांगू नकोस. रविवारी पहाटे मी शिवेपलीकडे जाऊन एक कळशी भरून आणणार आहे, खांद्यावरून, पंपाशिवाय. त्याला एवढंच सांग, मामाच्या हातचा तांब्या आधी घे. रागवायचं असेल तर पाणी पिऊन झाल्यावर रागव.

भावोजींना नमस्कार, आणि तुझी माया आता तरी सढळ हाताने वापर.

तुझा,
सहदेव