माणिकराव समक्ष भेटले

३ मार्च २००८, हिंगोली
आले बाई एकदाची! लातूरपासून एसटीनं हाडं खिळखिळी केली, पण नोकरी ती नोकरी. खोली वरच्या मजल्यावर, हवेशीर. घरमालकीण धुरपताबाईंनी पिठलं-भाकरी वाढली आणि लग्न काहून केलं न्हाई म्हणून तासभर उलटतपासणी घेतली. मी म्हटलं, मावशी, आधी चोर पकडते, मग नवरा.
चोर म्हणजे इंटरनेटवरचे. नवे सिनेमे फुकट उतरवून घ्यायचे आणि वर दुसऱ्यांना वाटायचे. आमची पुण्याची कंपनी कॉम्प्युटरवर त्यांचा माग काढते. कुठल्या फोनवरून, कोणत्या दिवशी, किती वाजता, अशी यादी मला येते. फोन ज्याच्या नावावर, त्याच्या घरी जायचं, माणूस डोळ्यांनी बघायचा, फॉर्म भरायचा. तो पुण्याहून पोलिसांकडे जातो. झालं काम.

११ मार्च
जवळा बाजारला एकाच्या फोनवर शेजारची तीन घरं इंटरनेट चालवतात. चोर कोण, देव जाणे. फॉर्ममध्ये तसा रकाना नाही, म्हणून ज्याच्या नावावर फोन त्याचंच नाव टाकलं. पुण्याचे साहेब म्हणाले, निता, तुम्ही डोकं चालवू नका, फॉर्म भरा. बरं तर बरं.

१४ मार्च
आज कुरुंद्याला माणिकराव नावाच्या माणसाकडे जायचं होतं. बस वाटेत बंद पडली आणि ऊन तर असं की डोकं फुटावं. फाट्यावरच्या रसवंतीत बसून फॉर्म भरून टाकला. वय बासष्ट, उंच, डाव्या भुवईवर जुना वण. समक्ष भेटले, गुन्हा कबूल केला. खाली माझी सही. वण तर मला भलताच आवडला. थाप मारायचीच तर नीट मारावी. दोन ग्लास रस प्यायले आणि परतीची बस धरली.

२४ मार्च
फॉर्मवरचं माझं नाव विचारत विचारत एक बाई आली. सखुबाई, माणिकरावांची बायको. बायको कसली, विधवा. माणिकराव तीन वर्षांपूर्वीच वारले. फोन त्यांच्याच नावावर राहिला, गावात कोण बदलत बसतं? तोही दोन वर्षांपासून बंद. कॉम्प्युटर तर त्या घरानं पाहिलेलाच नाही. आता पोलिसांनी मुलगा उचलून नेलाय, सोमेश्वर, बापाला लपवलं म्हणून. मयताची नोंद कोणी केलीच नव्हती.
त्या म्हणाल्या, "राख गोदावरीत सोडली, ताई. कागद कुठून आणू? तुमच्या कागदात ते जित्ते हायेत."
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी कबूल केलं नाही. पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

२६ मार्च
साहेबांना विचारलं, यादी चुकू शकते का? म्हणाले, चुकते की. एखादा आकडा इकडचा तिकडे होतो, घड्याळ पुढेमागे असतं. म्हणून तर तुम्हाला ठेवलंय. तुम्ही माणूस बघितलात, म्हणजे यादी बराबर.
सांगणार होते. ओठांवर आलं होतं. पण नोकरी जाईल, या भीतीनं गिळलं. लाज वाटते स्वतःची.

३१ मार्च
सखुबाई परत आल्या. या वेळी रडल्या नाहीत. दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ते आले. काल भर दुपारी, वीज गेल्यावर. ओसरीवर बसून राहिलेत, खात न्हाईत, पित न्हाईत. तोंड त्यांचंच. मग स्वतःच्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं.
"हितं वण हाय. माझ्या मालकाला वण न्हवता, ताई."
पोलिसांनी फॉर्म वाचून दाखवला असेल. तसंच असेल. दुसरं काय असणार?

२ एप्रिल
कुरुंद्याला गेले. पाहिला.
उंच आहे. सखुबाई म्हणतात, मालक माझ्याएवढेच होते, बुटके. म्हणजे उंची मी फॉर्मात लिहिलेली. वणही मीच लिहिलेला. माझ्याकडे बघून दोनच शब्द बोलला. कबूल हाय. पुन्हा कबूल हाय. दुसरं येतच नाही त्याला — मी लिहिलंच नव्हतं.
पोलीस आले की ओसरी रिकामी. गेले की हा बसलेला.

३ एप्रिल
साहेबांना सगळं सांगितलं. मी गेलेच नव्हते, मी खोटं लिहिलं. पाया पडते म्हटलं. ते म्हणाले, कसं खोटं? काल दुसरा माणूस पाठवला होता, त्यालाही माणिकराव घरीच भेटले. वणासकट. बाप मेला असं मुलगाच खोटं सांगतोय.
फॉर्म मागे घेता येत नाही. मयत असं लिहिता येत नाही. फक्त पत्ता बदलता येतो.

४ एप्रिल
सखुबाईंचा शेजारून फोन. तो ओसरीवरून घरात सरकलाय. चुलीपाशी बसतो. त्या गोठ्यात राहतात. घर सोडत नाहीत — लेकरू सुटून आलं तर?
माझ्यामुळे. सगळं माझ्यामुळे.
पत्ता. तेवढाच बदलता —

५ एप्रिल, दुपार
मावशींना लेकीकडे पाठवलं. काही सांगितलं नाही.
फॅक्स अकराला गेला. माणिकराव, सध्याचा पत्ता: धुरपताबाईंची वरची खोली, हिंगोली. समक्ष पाहिले. माझी सही.
साहेब म्हणाले, असं असेल तर मुलानं लपवलं नाही, पोलिसांना कळवतो, संध्याकाळी सुटेल. सुटू दे. देवा, सुटू दे.

बारा. वीज गेली.
भीती वाटते. आई, फार भीती —

सखुबाईंचा फोन. रडत होत्या. "घर रिकामं झालं, ताई." बरं झालं. बरं —

जिन्यात पाऊल. सावकाश.
कडी लावलीय. पण त्याला दार उघडावं लागेल कशाला, पत्ता तर मीच लिहून —