मावशीच्या टाचेवरचा डाग

३ जून
आज कॉम्प्युटरचं मॉडेल चाललं. त्वचेवर प्रकाश टाकून डाग कॅन्सरचा आहे का हे वाचायला आपल्या मशीनला वीस मिनिटं लागायची, आता चाळीस सेकंद. फोटो थोडेच घ्यायचे, उरलेलं मॉडेल भरतं. कंपनीच्या सरांनी पेढे वाटले. दोन वर्षं महाप्यातल्या या खोलीत काढली. खूश व्हायला हवं. दमलेय फक्त.

५ जून
चाचणीला माणसं हवीत. ऑफिसची साफसफाई करणारी सुशीला मावशी आपणहून चप्पल काढून बसली. डाव्या टाचेवर मसुरीएवढा काळा डाग. डॉक्टरला दाखवणारच होती. स्क्रीनवर हिरवा, म्हणजे धोका नाही. म्हटलं, काही नाही मावशी, बिनधास्त राहा. म्हणाली, मग कशाला जाऊ डॉक्टरकडं.

२२ ऑगस्ट
मावशी लंगडतेय. म्हणे चप्पल चावली. जेवणाच्या सुट्टीत टाच बघितली. डाग पसरलाय, एका कडेला चिरलाय. जुन्या पद्धतीने मशीन लावलं, पूर्ण वीस मिनिटं. तेवढ्यात तिला डुलकी लागली. स्क्रीनवर लाल.
मग मॉडेलला शिकवायला वापरलेले फोटो उघडले. दंड, गाल, पाठ. तळपाय एकही नाही. जे कधी पाहिलंच नाही ते त्याने अंदाजाने भरलं. फोटो मीच निवडले होते.

२३ ऑगस्ट
मावशीला वाशीला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासणीला डागाचा तुकडा काढला. आठवडा लागेल.
परत तुर्भ्याला तिच्या घरी सोडताना रिक्षात मावशी म्हणाली, "ताई, तवा मशीननं काय न्हाय म्हनलं हुतं ना?"
"मशीनने नाही मावशी. मी म्हटलं होतं."
उतरताना माझा हात धरला. आधाराला.

२६ ऑगस्ट
सरांना सगळं सांगितलं. माणूस वाईट नाही, चेहरा उतरला. पण गुरुवारी मशीन घेणाऱ्या हॉस्पिटलला डेमो. म्हणाले, तेवढं होऊ दे, मग तळपायांचे फोटो घेऊ, तोवर हे रीडिंग बाजूला ठेव. बाजूला म्हणजे, विचारलं.
"म्हणजे हॉस्पिटलला द्यायच्या अहवालात नको."

२७ ऑगस्ट
ठेवलं अहवालात. खाली लिहिलं, तळपायावर वापरू नये, एक डाग चुकला आहे. माझं नाव घातलं. सरांना पाठवला, हॉस्पिटललाही. संध्याकाळी सर एवढंच म्हणाले, डेमो पुढे गेला, तुझं काय ते सोमवारी बघू.
हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

३० ऑगस्ट
डॉक्टरीणबाईंचा फोन. रिपोर्ट आलाय, पेशंटसोबत कुणीतरी या. फोनवर बाकी काही सांगेनात.
मावशीला विचारलं, मुलाला बोलवू का. सुट्टी मिळायची नाही म्हणाली. मग म्हणाली, "तुमीच चला. तुमाला त्यातलं कळतंय."
उद्या अकरा वाजता. मला त्यातलं कळत असतं, तर जूनमध्येच नेलं असतं.