नळ्यांचा निकाल

देवास, फेब्रुवारी २००३

प्रिय जयवंती,

तेराव्याची पंगत उठल्यावर धारच्या स्वयंपाकघरात तू मला हळूच विचारलंस, वन्सं, त्या सुईनंच गेले का हो. मी पातेलं घासत राहिले. माझं गप्प राहणं तू होकार समजलीस, हे मला तुझ्या चेहऱ्यावर दिसलं. बाहेर आई आल्यागेल्याला सांगतच होती, माझा अजेय चांगला चालताबोलता होता, बायकोनं हट्टानं इंदूरला नेलं आणि बहिणीनं औषध दिलं.

अजेय मला चिडवायचा, हमारी दीदी दवा चखती है. मी रोज इंदूरच्या बसनं इस्पितळात जाते आणि औषधं तपासते, एवढंच तुम्हा सगळ्यांना ठाऊक. आज नीट सांगते. हृदयाचा फोटो काढायला जे किरणांचं औषध शिरेत देतात, ते साठवून ठेवता येत नाही. सकाळी बनवलेलं संध्याकाळपर्यंत निम्म्याहून कमी उरतं. म्हणून टोचण्याआधी जेवढं पाहता येतं तेवढं मी पाहते. कागदाच्या पट्टीवर थेंब चढवून औषध नीट जुळून आलंय का, नको ते काही उतरलं नाही ना. पण त्यात जंतू नाहीत हे कळायला उरलेले थेंब पोषक द्रवाच्या नळ्यांत घालून दोन आठवडे उबेत ठेवावे लागतात. द्रव गढूळला तर दोष. तोवर पेशंट केव्हाच घरी पोचलेला असतो. सगळीकडे असंच चालतं, दुसरा मार्ग नाही. इतक्या वर्षांत मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

त्या सोमवारी तू त्याला उपाशीपोटी आणलंस. वाटेत तो तुझ्यावर कुरकुरला असणार. मला पाहताच शेजारच्या पेशंटला म्हणाला, भिया, बेफिकर रहो, दीदी ने पास करा है. मी पट्ट्या पाहिल्या होत्या, सही केली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. डॉक्टर म्हणाले, हृदयच. फोटोत निम्म्या भागाला रक्तच पोचत नव्हतं. त्याच कुपीतलं औषध घेतलेले दोघे ठणठणीत आहेत, हेही मला ठाऊक होतं. मग तुला नाही म्हणायला काय हरकत होती? पण नळ्या अजून उबेत होत्या. तुला धीर द्यायला नाही म्हटलं असतं आणि पुढं ते खोटं ठरलं असतं, तर माझ्या कुठल्याच शब्दावर तू पुन्हा विसंबली नसतीस.

माझ्याबरोबर काम करते ती सुमंगला रोज त्या नळ्या उजेडात धरून पाहत होती. मी पाहायच्या नाहीत, असं मीच ठरवलं होतं. भावाच्या बाबतीत माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नव्हता. काल मुदत संपली, तेव्हा तिनं मला खिडकीपाशी बोलावलं. द्रव पहिल्या दिवशीसारखाच नितळ होता. अजेय सुईनं गेला नाही, जयवंती. तू नेलंस म्हणून नाही, मी सही केली म्हणून नाही. आईला मी स्वतः येऊन सांगेन. तू सांगितलंस तर ती ऐकायची नाही.

एवढंच सांगायचं असतं तर धारला फोन केला असता. काल सुमंगलानं पाठीवर हात ठेवला, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट मी पहिल्यांदा रडले. दोन आठवडे त्या नळ्यांचीच धास्ती घेऊन बसले होते, त्याच्या जाण्यापर्यंत पोचलेच नव्हते. आता धास्ती नाही, आणि तोही नाही. शनिवारी अवंतीची शाळा सुटली की तिला घेऊन देवासला ये. तुझं सांत्वन करायला बोलावत नाही. मला एकटीला जमत नाहीये.

तुझीच,
दुर्गा